पावती की पाळत? खानिवडेच्या टोलनाक्यावरून आरएफआयडीकडे बघताना

(वसई येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे. रेडिओ फ्रिक्वेन्सी आयडेंटिफिकेशन, थोडक्यात आरएफआयडी. पण नावाला घाबरू नका. ही वस्तू आत्ता तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे, पर्समध्ये आहे, नाहीतर बाहेर लावलेल्या गाडीच्या काचेवर आहे. नुसतं टेकवून पैसे जाणारं बँकेचं कार्ड, मुलांच्या शाळेचं ओळखपत्र, कारखान्याच्या गेटवरचं हजेरीचं कार्ड, सोसायटीचा आडवा दांडा आपोआप उचलणारं स्टिकर आणि गाडीवरचा फास्टॅग. नावं वेगळी, पण घराणं एकच.

मी तंत्रज्ञानाविरुद्ध बोलायला आलेलो नाही. टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांवरून होणारी हुज्जत आपण सगळ्यांनी बघितली आहे आणि ती परत यावी असं कुणालाच वाटणार नाही. माझी टीका एकाच गोष्टीवर आहे, ती सुरुवातीलाच सांगतो. पैसे भरल्याची खूण आणि माणूस कुठं होता याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएफआयडीनं त्या एकाच स्टिकरमध्ये चिकटवल्या, आणि आपण त्या वेगळ्या करायला कधी सांगितलंच नाही. आजचं सगळं बोलणं याच मुद्द्याभोवती आहे.

आधी हे चालतं कसं ते बघू. टॅग म्हणजे एक बारीकशी चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ अँटेना. फास्टॅगसारख्या टॅगला स्वतःची बॅटरी नसते. समोरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्याच लहरींच्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. वर्गात नाव घेतलं की मूल 'हजर' म्हणतं, तसंच. फरक इतकाच की मूल निदान मान वर करून बघतं, हाक कुणी मारली ते. साधा टॅग बघत नाही. योग्य प्रकारचा रीडर समोर आला की तो 'हजर' म्हणून मोकळा होतो, आणि आपण उत्तर दिलं हे मालकाला कळवतही नाही.

यात अंतराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बँकेचं कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि काही सेंटिमीटरवरूनच वाचलं जातं. म्हणजे ते बाहेर काढून मशीनवर धरायची कृती तुम्हाला करावी लागते. त्या कृतीत थोडी का होईना, संमती असते. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही मीटरवरून वाचला जातो. तुम्ही काहीच करत नाही. वाचणारा वाचतो आणि तुम्ही नुसते तिथून जाता.

या 'नुसतं तिथून जाण्या'ला एक जुना इतिहास आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला एक लाकडी राजमुद्रा भेट दिली. ती त्याच्या निवासस्थानी भिंतीवर लागली. आत लेव्ह तेरमेन या शास्त्रज्ञानं बनवलेलं ऐकण्याचं यंत्र होतं. त्याला बॅटरी नव्हती, वायर नव्हती. बाहेरून रेडिओ लहर सोडली की ते जागं व्हायचं, लहर थांबली की परत निपचित. १९५२ पर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आजच्या टॅगचे पूर्वज सांगताना तंत्रज्ञानाचे इतिहासकार या यंत्राचंही नाव घेतात. म्हणजे टॅग हेरगिरीसाठीच बनलाय असं मी म्हणत नाही. पण गुपचूप उत्तर देणं हा या तंत्राचा जन्मजात स्वभाव आहे. स्वभाव माहीत असला की त्याला कुठं आवर घालायचा ते ठरवता येतं.

आता आपल्या दारातल्या उदाहरणाकडे येऊ. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, म्हणजे पूर्वीच्या आठ नंबरच्या आणि आताच्या अठ्ठेचाळीस नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर, विरार फाटा ओलांडून मनोरच्या दिशेनं निघालात की खानिवडेचा टोलनाका लागतो. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टॅग नसेल तर दुप्पट टोल. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयनं भरणाऱ्यांना सव्वापट आणि रोख भरणाऱ्यांना दुप्पट, असा बदल झाला. महाराष्ट्र सरकारनं राज्याच्या अखत्यारीतल्या टोलनाक्यांवरही १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग बंधनकारक केला.

दुप्पट टोलचा अर्थ नीट बघा. रोख पैसे भरून, नाव न सांगता रस्त्यावरून जायचा पर्याय कागदावर शिल्लक ठेवला, पण त्याला दंड लावला. अनाम राहण्याची किंमत बरोबर एक टोल जादा. हा निर्णय वाहतूक कोंडीच्या नावानं झाला आणि कोंडीपुरता तो पटतोही. पण त्याचबरोबर आणखी काही ठरलं, ज्याची चर्चाच झाली नाही.

पूर्वी नाक्यावर पन्नासची नोट दिली की कागदाची पावती मिळायची. ती पावती गाडीच्या कप्प्यात पडून राहायची, नाहीतर शेंगदाण्याच्या पुडीला जायची. नाक्याच्या हिशेबात इतकंच उरायचं की आज इतक्या मोटारी गेल्या, इतके ट्रक गेले. कोण गेलं हे बहुतेक वेळा कुणी लिहून ठेवत नव्हतं. आता काय होतं? रीडर टॅगचा नंबर वाचतो. टोलवसुली करणाऱ्याच्या बँकेमार्फत तो राष्ट्रीय भरणा महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेत जातो. तिथून टॅग देणाऱ्या तुमच्या बँकेकडे. तुमच्या खात्यातून पैसे वजा होतात आणि मोबाईलवर संदेश येतो की अमुक नाका, अमुक वेळ, अमुक रक्कम. टॅगच्या मागं गाडीचा नंबर आहे, गाडीच्या नंबरामागं तुमचं केवायसी, त्यामागं मोबाईल आणि बँक. म्हणजे एका फेरीची नोंद तीन-चार ठिकाणी उमटते आणि तिचा माग तुमच्या नावापर्यंत जातो.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान ५ वर्षं सांभाळाव्या लागतात. पैशाच्या व्यवहाराला हा नियम योग्यच आहे. पण इथं पैशाचा व्यवहार म्हणजेच प्रवास. पैशाच्या नोंदीबरोबर प्रवासाची नोंदही ५ वर्षं राहते. ती ठेवावी असं कुणी मुद्दाम ठरवलं नाही. पैशाच्या पाठीवर बसून ती आत आली.

वसईत उभा राहून परवान्याबद्दल बोलायचं आणि पोर्तुगीजांची आठवण काढायची नाही, हे बरं दिसणार नाही. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला, त्यात वसई पोर्तुगीजांकडे गेली हे आपण शाळेत शिकलो. त्याच तहात एक कलम असं होतं की गुजरातहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून निघावं, इथं परवाना घ्यावा आणि परतताना इथंच येऊन जकात भरावी. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. त्यावर जहाजाचं नाव, तांडेलाचं नाव, जहाजाचा आकार, शस्त्रं, माणसं, जाण्याची बंदरं असं सगळं लिहिलेलं असायचं. कार्ताझ नसलेलं जहाज समुद्रात सापडलं तर जप्त. पुढं कान्होजी आंग्र्यांनीही आपल्या समुद्रात आपलं दस्तक घ्यावं असा आग्रह धरला. ज्याचा समुद्र, त्याचा परवाना.

म्हणजे वाटेवर परवाना, जकात आणि ओळख एकत्र बांधण्याचा प्रकार वसईला नवा नाही. त्याची जुलूमशाही होती हेही आपण विसरलेलो नाही. तरी त्या जुलमी कागदातसुद्धा दोन गोष्टी होत्या, ज्या आजच्या टॅगमध्ये नाहीत. एक, कार्ताझ तांडेलाच्या हातात असायचा. कुणी तपासायला आलं की तो काढून दाखवावा लागे, म्हणजे आपल्याला वाचलं जातंय हे त्याला कळत असे. दोन, तो कागद त्या सफरीपुरता होता. गेल्या दहा सफरींचा मेळ एका क्षणात घालील असा कारकून ना गोव्यात होता ना लिस्बनमध्ये. जुन्या सत्तेला सगळं लक्षात ठेवायची इच्छा नव्हती असं नाही, तिच्याकडे ती सोय नव्हती. आपलं बरंचसं खासगीपण कायद्यानं नव्हे, असल्या गैरसोयींनी सांभाळलं होतं. गैरसोय गेली, आणि तिच्या जागी काही आणून ठेवायचं आपण विसरलो.

कुणी म्हणेल, नोंद राहिली तर बिघडलं काय? ती वापरतंय कोण? याला उत्तर म्हणून घडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली. १ जानेवारी २०२१ पासून जीएसटीची ई-वे बिल यंत्रणा फास्टॅगला जोडली गेली. मालवाहू गाडी कुठल्या नाक्यावरून गेली हे कर अधिकाऱ्यांना बघता येऊ लागलं. करचुकवेगिरी पकडायला हे उपयोगीच आहे, पण क्रम लक्षात घ्या. टॅग आला टोल भरायला. सगळ्यांच्या गाडीवर लागल्यावर तो कर तपासायच्याही कामाला लागला. दुसरं काम पहिल्यापेक्षा चांगलं असेलही. पण ते सुरू करताना टॅग लावणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

दुसरी. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं मार्च २०१९ मध्ये वाहनं आणि वाहन परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचं धोरण आणलं. त्याच वर्षी जुलैत संसदेत सांगितलं गेलं की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती उपलब्ध करून दिली आणि सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले. जून २०२० मध्ये खासगीपणाची चिंता आणि गैरवापराची शक्यता अशी कारणं देऊन मंत्रालयानंच ते धोरण मागं घेतलं. ही फास्टॅगची माहिती नव्हती, गाड्यांच्या नोंदणीची होती. तरी त्यातून एक धडा मिळतो. माहिती गोळा करणारा प्रामाणिक असला तरी गोळा झालेल्या माहितीला किंमत येते, आणि किंमत आली की गिऱ्हाईक येतं. धोरण मागं घेता येतं, विकलेली माहिती परत घेता येत नाही.

तिसरी गोष्ट न्यूयॉर्कची. तिथल्या टोलच्या टॅगला ईझेडपास म्हणतात. २०१३ मध्ये एका हौशी तंत्रज्ञानं आपला टॅग खेळण्यातल्या गाईला जोडला. टॅग वाचला गेला की गाय हंबरायची. तो शहरातून गाडी चालवत निघाला आणि जिथं एकही टोलनाका नाही अशा टाइम्स स्क्वेअरच्या परिसरात गाय हंबरायला लागली. वाहतुकीचा वेग मोजण्यासाठी शहरानं रीडर बसवले होते, असं उत्तर मिळालं. उत्तर खरंही असेल. पण लोकांना ते गाईकडून कळलं, शहराकडून नाही. त्याआधीच अमेरिकेतल्या काही राज्यांत घटस्फोटाच्या खटल्यांत या टॅगच्या नोंदी पुरावा म्हणून आल्या होत्या. टोलसाठी घेतलेल्या वस्तूनं नवरा-बायकोच्या भांडणात साक्ष दिली.

आता नेहमीचा प्रश्न येतो. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग मी कशाला घाबरू?' या प्रश्नाचा मी आदर करतो, कारण तो बहुधा प्रामाणिक माणूसच विचारतो. पण आपण घराला दार लावतो ते आत गुन्हा चाललाय म्हणून नाही. डॉक्टरकडे कुणी गेलं, वकिलाकडे गेलं, आंदोलनाच्या बैठकीला गेलं, मुलीसाठी स्थळ बघायला गेलं, माहेरी भांडून गेलं, यातलं काहीच बेकायदा नाही. तरी ते कुणाला आणि कधी सांगायचं हे त्या माणसानं ठरवायचं असतं. वाढवण बंदराच्या विरोधात वर्षानुवर्षं उभे राहिलेले कोळी आणि शेतकरी याच महामार्गावरून ये-जा करतात. विरोध करणं हा त्यांचा हक्क आहे. बैठकीला कुठल्या गाड्या आल्या याची यादी मागाहून काढता येते, एवढं माहीत असणंच पुष्कळांना घरी बसवायला पुरतं. हे नुकसान कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही, कारण जे लोक आले नाहीत त्यांची नोंद कुठं नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चोरीला गेलेल्या गाड्या टोलच्या संदेशावरून सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. पळवलेलं मूल सापडणार असेल तर नोंद नको असं कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. पण गाडी चोरीला गेल्याची तक्रार झाल्यावर तो एक टॅग शोधणं वेगळं, आणि कधीतरी चोरी होईल म्हणून सगळ्यांच्या सगळ्या फेऱ्या वर्षानुवर्षं जपणं वेगळं. पहिल्याला तपास म्हणतात. दुसरी पाळत, मग ती कुणी बघत बसलेलं नसलं तरी. आणि नोंदी मागवायची वाट किती सोपी आहे तेही बघा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढून कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवू शकतो. त्यासाठी आधी न्यायाधीशाची परवानगी लागतेच असं नाही.

आतापर्यंत गाडीवाल्यांबद्दल बोललो. गाडीवाला माणूस निदान तक्रार तरी करू शकतो. आता थोडं खाली उतरून बघू, कारण या तंत्राचा खरा भार तिथं आहे.

वसई-विरारमधल्या मोठ्या गृहसंकुलांत जाऊन बघा. गेटवर रहिवाशाच्या गाडीला स्टिकर, तो आला की दांडा उचलला जातो. त्याच गेटवर घरकाम करणाऱ्या बाईला कार्ड, नाहीतर ॲपमध्ये नोंद. ती किती वाजता आली, किती वाजता गेली, कुठल्या घरी गेली. रहिवाशासाठी टॅग म्हणजे सोय, तिच्यासाठी तोच टॅग म्हणजे हजेरी. तिच्या नोंदी सोसायटीला दिसतात. सोसायटीनं तिच्याबद्दल काय लिहिलंय ते तिला दिसत नाही. एखाद्या घरात दागिना हरवला तर सगळ्यात आधी कुणाची यादी काढली जाते, हे मी सांगायला नको.

वालीव, गोखिवरे, सातिवली भागातल्या गाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनाही कार्डाची हजेरी ओळखीची आहे. कार्ड म्हणजे माणूस, असं यंत्र धरून चालतं. प्रत्यक्षात १२५ किलोहर्ट्झची स्वस्त कार्डं नुसता नंबर सांगतात आणि त्यांची नक्कल सहज करता येते. जास्त सुरक्षित मानल्या गेलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाचं कुलूपसुद्धा २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठातल्या संशोधकांनी फोडून दाखवलं. बनवणारी कंपनी ते प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात गेली आणि हरली. तेव्हा 'मशीन खोटं बोलत नाही' असं सुपरवायझर म्हणतो तेव्हा ते अर्धंच खरं असतं. मशीन खोटं बोलत नाही, पण मशीन फक्त कार्डाबद्दल बोलतं.

नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. हे आरएफआयडी नव्हे, पण भावकीतलंच. अशी घड्याळं इतर शहरांतही आली. पंचकुला-चंडीगडकडच्या कामगारांनी हरकत घेतली की आपल्यावर सतत कुणाचा तरी डोळा आणि कान आहे. आता विचार करा, महापालिकेत निविदा मंजूर करणाऱ्या एकाही अधिकाऱ्याच्या मनगटावर असं घड्याळ आहे का? वाचणारा वरच्या पायरीवर आणि वाचला जाणारा खालच्या पायरीवर, ही या तंत्राची सवय झाली आहे. आपल्या समाजात वरच्यानं खालच्याची हजेरी घ्यायची रीत जुनी आहे. यंत्रानं ती मोडली नाही, आणखी बिनबोभाट केली.

अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदरच्या आपल्या कोळी बांधवांचंही बघू. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. एक लाख नौका, सुमारे ३६० कोटी रुपये आणि इस्रोचं तंत्रज्ञान. ही यंत्रणा उपग्रहामार्फत चालते, टॅगसारखी नाही. वादळात नौका सापडली तर संदेश देता येतो, जीव वाचतो. २००८ च्या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेचं महत्त्वही आपल्याला समजतं. म्हणून या योजनेला मी नाही म्हणणार नाही. पण कोळी बांधवांनी विचारावं अशी एक गोष्ट आहे. मासा कुठं मिळतो ही कोळ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई असते, शेजारच्या नाखव्यालाही तो ती सांगत नाही. नौका कुठं गेली, कुठं थांबली याची वर्षाची नोंद म्हणजे त्या कमाईचा नकाशाच. हा नकाशा कुणाच्या हातात राहणार आणि किती दिवस?

मग कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि जेवढी गरज तेवढाच हस्तक्षेप हवा. टोल घ्यायला कायदा आहे, हेतूही रास्त आहे. अडतं ते तिसऱ्या कसोटीवर. टोल घेण्यासाठी माझी फेरी वर्षानुवर्षं लक्षात ठेवायची गरज आहे का?

पुढं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यातलं एक तत्त्व उत्तम आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की माहिती पुसून टाका. आपल्याला हवं होतं ते हेच. पण कलम १७ चं चौथं उपकलम वाचा. पुसण्याचं हे बंधन शासन आणि शासनाच्या यंत्रणांना लागू नाही. म्हणजे किराणा दुकानदारानं विसरायचं, सरकारनं नाही विसरलं तरी चालेल. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त ताकद, त्यालाच विसरण्यातून सूट. माझ्या मते या कायद्यातली ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि तिच्यावर जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

'तंत्रज्ञानच तसं आहे, त्याला इलाज नाही' असंही ऐकू येतं. ते खरं नाही. हाँगकाँगनं १९८३ ते १९८५ या काळात गाड्यांना इलेक्ट्रॉनिक नंबरप्लेट लावून रस्त्याचं शुल्क घ्यायचा प्रयोग केला. महिन्याच्या शेवटी फेऱ्यांचं बिल यायचं. लोकांनी विरोध केला, आणि त्याचं एक मोठं कारण हेच होतं की सरकारला आमच्या फेऱ्या कळतील. ती योजना गुंडाळली गेली. १९९८ मध्ये सिंगापूरनं तेच काम सुरू केलं तेव्हा गाडीतल्या यंत्रात आधीच पैसे भरलेलं कार्ड घालायची पद्धत ठेवली. कमानीखालून गेलं की पैसे तिथल्या तिथं कार्डातून वजा. महिन्याचं बिल नाही, म्हणून घरी पाठवायला फेऱ्यांची यादीही नाही. काम एकच, घडण दोन तऱ्हेची. यादी करायची की नाही हे माणसं ठरवतात.

टॅग मारून टाकायची सोयसुद्धा त्याच्यातच आहे. दुकानातल्या मालावर लागणाऱ्या टॅगच्या जागतिक मानकात एक आज्ञा आहे. ती दिली की टॅग कायमचा गप्प होतो. युरोपीय आयोगानं १२ मे २००९ ला शिफारस केली की गिऱ्हाईकाच्या खासगीपणाला धोका असेल तिथं त्यानं मुद्दाम 'राहू दे' म्हटल्याशिवाय विक्रीच्या वेळीच टॅग बंद करावा, आणि जिथं रीडर आहे तिथं तशी खूण लावावी. विचारलं नाही तर बंद, विचारून हो म्हटलं तर चालू. आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय.

मग आपण काय मागायचं? दिल्लीला जाऊन कायदा बदलणं आज संध्याकाळी जमणार नाही. पण सोसायटीची वार्षिक सभा, शाळेची पालकसभा, महापालिकेचा प्रभाग, कामगारांची युनियन आणि मच्छीमार सोसायटी या पाच जागा आपल्या हातातल्या आहेत. तिथं कुठलाही टॅग येईल तेव्हा चार प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. हे कशासाठी, आणि त्याशिवाय दुसऱ्या कशालाही वापरणार नाही ना? नोंद किती दिवस राहणार आणि पुसणार कोण? जिची नोंद आहे त्या व्यक्तीला ती बघता येईल का? आणि टॅग नको म्हणणाऱ्याला दंड न भरता दुसरी वाट आहे का? सोसायटीच्या गेटची नोंद तीस दिवसांनी पुसायचा ठराव करायला कुठल्याही मंत्र्याची सही लागत नाही.

टोलच्या बाबतीत मागणी अशी हवी. हिशेबासाठी रक्कम आणि तारीख ठेवा. तक्रारीची मुदत संपली की नाका, मार्गिका आणि वेळ त्या माणसाच्या नावापासून तोडून टाका. गाड्यांची मोजणी हवी तर नंबराशिवाय ठेवा, रस्ते आखायला तेवढी पुरते. हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये दहिसरच्या नाक्यावर टोल माफ झाला तेव्हा आपण सगळे खूश झालो, मीही झालो. पण तोवर टॅगवर जमलेल्या आपल्या ये-जा करण्याच्या नोंदींचं काय झालं, हे त्या आनंदात कुणी विचारलं नाही. टोल गेला, निदान आता नोंद तरी जाऊ द्या, असं म्हणायला हरकत नव्हती.

हे आत्ताच का बोलायचं? कारण नाकेच जाणार आहेत. याच अठ्ठेचाळीस नंबरच्या महामार्गावर गुजरातमध्ये चोर्यासी इथं, गाडी न थांबवता कॅमेरा आणि फास्टॅगनं टोल घेण्याच्या व्यवस्थेचा करार २०२५ मध्ये झाला. आज खानिवडेला गाडीचा वेग कमी होतो आणि दांडा उचलला जातो, तेव्हा निदान कळतं की आपल्याला वाचलं. उद्या दांडाही नसेल. थांबावं लागणार नाही याचा आनंद जरूर घेऊ, पण दांडा जायच्या आधी नोंद पुसण्याचा नियम लिहून घेऊ. दांडा गेल्यावर हा प्रश्न कुणाला आठवणारही नाही.